कौतिकच्या मुलखात

उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली आली आणि श्री. ना. पेंडसे यांची 'रथचक्र' १९६२ साली. पहिली वऱ्हाडातली, दुसरी कोकणातली. पहिलीत कौतिक आहे, शिंप्याची बायको. नवऱ्याच्या हातून संसार ओढला जात नाही म्हणून ती स्वतः राबते, आणि मुलानं शिकावं म्हणून जिवाचं रान करते. दुसरीतल्या बाईला लेखकानं नावच दिलेलं नाही. सबंध कादंबरीभर ती 'ती'च आहे. नवरा घर सोडून गेलेला, भरल्या एकत्र कुटुंबात तिला कुणी वाली नाही, आणि मुलांना शिकवायचं म्हणून ती त्या घरातून बाहेर पडते. दोन लेखकांनी दोन टोकांना बसून, जवळजवळ एकाच सुमाराला, पोरांच्या शाळेसाठी झुंजणाऱ्या दोन आया लिहिल्या. त्या दोघींना शेजारी शेजारी बसवून बघायला मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं.

मी दापोली तालुक्यातली, म्हणजे 'ती'च्या मुलखातली. १९८४ साली लग्न होऊन अमरावतीला आले, कौतिकच्या मुलखात. आमच्याकडे पाहण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा मुलाची आई मला काय विचारणार याचा सराव घरात सगळ्यांनी माझ्याकडून करून घेतला होता. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. त्या माझ्या वडिलांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पेंडशांचं मुर्डी इथून किती दूर पडते?" वडील चपापले. मुर्डी आमच्यापासून लांब नव्हतं, पण त्या गावाला असं कुणी लेखकाच्या नावानं ओळखतं हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग त्यांनी स्वतःच सांगितलं, की कोकण त्यांनी याआधी कधी पाहिलेलं नाही, पण पेंडशांचं जे जे हाताला लागलं ते सगळं वाचलेलं आहे.

सासूबाईंचं शिक्षण सातवीपर्यंत. सोळाव्या वर्षी लग्न. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, बदलीची नोकरी, आणि प्रत्येक गावात शाळेचं एक कपाट. त्या कपाटातली पुस्तकं सासरे सुटीच्या दिवशी घरी आणायचे आणि सोमवारी परत न्यायचे. बाईंचं वाचन त्या दीड दिवसात व्हायचं. पुढे अमरावतीला घर झालं, वाचनालयाची वर्गणी सुरू झाली, आणि दुपारी दोन ते चार हा वेळ त्यांचा ठरला. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात त्या वेळेला दारं-खिडक्या बंद असतात, कूलरच्या वाळ्याचा ओला वास घरभर असतो आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या दोन तासांत घरात कुणी आईंना, म्हणजे सासूबाईंना, हाक मारायची नाही, हा नियम सासऱ्यांनी घातला होता. त्या माणसाचेही उपकार इथे नोंदवले पाहिजेत. त्या काळात बायकोचा वाचनाचा वेळ राखणारा नवरा मी माझ्या माहेरच्या गावात पाहिला नव्हता.

वाचनालयात त्या स्वतः क्वचित जात. चिठ्ठी लिहून पाठवत. चिठ्ठीवर तीन नावं असत, पहिलं नसेल तर दुसरं, दुसरं नसेल तर तिसरं. आणि खाली एक ओळ: तिन्ही नसतील तर काही देऊ नये. पुढे ती चिठ्ठी घेऊन मी जाऊ लागले. देवघेवीच्या खिडकीवरचे गृहस्थ त्यांचं अक्षर ओळखायचे. एकदा तिन्ही पुस्तकं बाहेर गेली होती आणि मी रिकाम्या हातानं कशाला जायचं म्हणून एक गाजलेली ऐतिहासिक कादंबरी उचलली. ते गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला हवी असली तर न्या. पण तुमच्या सासूबाई तो आठवडा आधीचंच पुस्तक पुन्हा वाचतील." आणि तसंच झालं. मी आणलेली कादंबरी त्यांनी नाकारली नाही, टेबलावर माझ्यासाठी ठेवली. मला म्हणाल्या, "हे तू वाच. चांगलंच असन. पण असं पुस्तक आपल्यापर्यंत आपोआप येते, कोणी ना कोणी देतेच. जे कोणी देत नाही ते मी तुला देईन."

आणि त्यांनी ते दिलं. पहिलं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मला इथली भाषा अर्धीच कळत होती, जेवणातलं तिखट सोसत नव्हतं, आणि समुद्र नसलेल्या गावात संध्याकाळी कुठे जाऊन उभं राहायचं हे उमगत नव्हतं. हे मी कुणाला बोलले नव्हते. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं ते लहानसं पुस्तक माझ्या उशाशी ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "एक पोरसवदा मास्तर आहे. धनगरांच्या वाडीवर शिकवायला जाते." पुढची गोष्ट सांगितली नाही. गोष्ट त्या कधीच सांगत नसत. मी वाचू लागले. औंध संस्थानातला तो तरुण मास्तर, शाळेत मुलंच नाहीत, माणसं त्याला जोखताहेत, आणि हळूहळू तोही त्या वाडीतला एक होऊन जातो. शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी उठते. पुस्तक संपलं तेव्हा मला वाटलं, परक्या गावात जाऊन पडलेलं माणूस म्हणजे काय हे यांना माहीत आहे, आणि मला ते माहीत आहे हेही यांना माहीत आहे. पुस्तक परत करताना मी फक्त "आवडलं" म्हटलं. त्या म्हणाल्या, "मास्तरलाही आधी करमत नव्हतं." आमच्या दोघींमध्ये मोकळेपणा आला तो त्या वाक्यापासून.

मग 'धग'. ती मात्र त्यांनी हातात दिली नाही, वाचून दाखवली. चैत्र-वैशाखात वाळवणं चालू होती. माडीवर पापड, कुरड्या, आणि आमच्या कोकणात नावही न ऐकलेले सरगुंडे. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे मदतीला जायच्या. त्यांत एक शिंप्याच्या घरातल्या काकू होत्या. काज-बटणं, फॉल-बिडिंगची कामं करायच्या, अक्षरओळख सहीपुरती. दुपारचं लाटणं आटोपलं की आई भिंतीला टेकून बसायच्या आणि आदल्या दिवशीच्या पानापासून पुढे वाचायच्या. 'धग'मधली बोलणी वऱ्हाडीत आहेत. छापलेल्या पुस्तकात आपली बोली येते, आणि ती हसवण्यासाठी आलेली नसते, जगण्यामरण्याची गोष्ट सांगायला आलेली असते, हे त्या काकूंना आधी खरंच वाटेना. त्या उठून पुस्तकाचं पान बघायच्या. वाचता येत नव्हतं, पण बघायच्या.

दोनेक दिवसांनी काकू वादात उतरल्या. कौतिकनं नवऱ्याचं एवढं सारं का सोसावं, असा त्यांचा सवाल. "मी नसतं केलं," असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. आई पुस्तक मिटवून म्हणाल्या, "मंग काय केलं असतं?" काकूंनी सांगितलं. दुसरी एक म्हणाली तसं होत नसते. तिसरी म्हणाली तिच्या जावेनं तसंच केलं होतं. पापड वाळून कडक होईपर्यंत हा खल चालला. मी कोकणातली, ऐकणारी. त्या वादात मला त्या गल्लीतल्या प्रत्येक घराची आतली बाजू कळली. एरवी ओळख व्हायला वर्षं गेली असती. कॉलेजात मी मराठी विषय घेऊन बी.ए. केलं होतं, कादंबरीतली पात्रं, वातावरणनिर्मिती, भाषाशैली अशा मथळ्यांखाली पानं भरली होती. कादंबरी चार बायकांमध्ये मधोमध ठेवली की त्यांच्या तोंडून काय काय बाहेर येतं, ते मला त्या माडीवर कळलं. काकूंचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. पण शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी त्या काम नसतानाही आल्या होत्या.

त्याच सुमाराला आईंनी मला 'रथचक्र' पुन्हा वाचायला सांगितली. मी ती परीक्षेपुरती वाचली होती. १९६३ साली साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालेली कादंबरी, एवढी एक ओळ पाठ होती. आई म्हणाल्या, "कौतिक आत्ताच भेटली ना तुला? आता तुमच्यावालीला भेट." या दोन कादंबऱ्या अशा लागोपाठ वाचाव्यात असं मला आजवर कुठल्याही प्राध्यापकानं सांगितलेलं नाही. एकीच्या अंगावर पऱ्हाटीच्या रानातलं ऊन, दुसरीच्या अंगावर कोकणातला पाऊस, आणि दोघींच्या डोक्यात पोराची फी. आई त्या दोघींबद्दल जावा-जावांबद्दल बोलावं तशा बोलायच्या. त्यांच्या लेखी कादंबऱ्यांमधली माणसं एकमेकांची नातलग होती, ती वेगवेगळ्या लेखकांनी लिहिली म्हणून काही बिघडत नव्हतं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझा पाठचा भाऊ तापानं गेला. तार आली तेव्हा नवरा दौऱ्यावर होता. आई माझ्याबरोबर निघाल्या. बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेस, मुंबईहून एसटी. सबंध प्रवासात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही की समजुतीचं काही बोलल्या नाहीत. खिडकीची जागा मला दिली आणि वेळच्या वेळी पाणी पुढे केलं. परत आल्यावर बरेच दिवस त्यांनी मला एकही पुस्तक दिलं नाही. चिठ्ठी घेऊन वाचनालयात जाणंही त्यांनी स्वतःकडे घेतलं.

काही महिन्यांनी कुठल्याशा दिवाळी अंकात 'कोसला'विषयी वाचलं. भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली, १९६३ साली आलेली कादंबरी. कॉलेजात मुलं तिच्याबद्दल तावातावानं बोलायची, मला मात्र कधी मिळाली नव्हती. मी आईंना म्हटलं, चिठ्ठीत 'कोसला' लिहा. त्या म्हणाल्या, "आत्ता नको. थोडं थांब." मला वाटलं, तरुण पोरांचं पुस्तक आहे, सुनेनं वाचू नये असं काही असेल. मी पुन्हा विचारलं नाही. पुस्तक घरातच होतं, त्यांच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली. ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

मुलगी शाळेत जाऊ लागली होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी त्यांनी पेटी उघडली, 'कोसला' काढली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "आता वाच. पांडुरंगाची बहीण आहे यात, मनी. तिथं आलीस की पुस्तक खाली ठेव आन् माझ्याकडे ये." गोष्ट न सांगण्याचा त्यांचा नेम त्यांनी तेवढा एकदा मोडला. मी वाचत गेले. सांगवीचा पांडुरंग पुण्याला येतो, कॉलेज, वसतिगृह, मित्र, उधळपट्टी. मी हसत होते. मग मनी येते आणि देवीच्या आजारात जाते. पुढची पानं ज्यांनी वाचली आहेत त्यांना मी काय सांगू? मी पुस्तक खाली ठेवून स्वयंपाकघरात गेले. त्यांनी शेगडी बंद केली आणि खाली बसल्या. मी माझ्या भावाबद्दल बोलायला लागले. तो कसा पोहायचा, कशी खोटी सही करायचा, शेवटच्या पत्रात त्यानं माझ्याकडे काय मागितलं होतं. तोवर मी हे कुणाजवळही बोलले नव्हते, नवऱ्याजवळही नाही. दिवेलागण झाली तरी आम्ही दोघी तिथेच होतो. मुलगी शाळेतून येऊन दप्तर टाकून खेळायला गेली तेही मला कळलं नाही.

त्या दिवसानंतर मी पुस्तक सुचवण्याकडे हलक्यानं पाहू शकत नाही. आवडलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हातात कोंबण्याची घाई सगळ्याच वाचणाऱ्यांना असते, मलाही आहे. 'वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं' छापाच्या याद्या निघतात, त्या मीही उतरवून घेतल्या आहेत. पण यादी पुस्तकाकडे बघून केलेली असते. आई माणसाकडे बघायच्या. आपल्याला अतिशय प्रिय असलेलं पुस्तक, समोरचा मागत असताना, वर्षानुवर्षं लुगड्यांखाली दाबून ठेवायला किती माया लागते! आणि ती वेळ आली हे ओळखायला त्या माणसाकडे रोज बघावं लागतं.

विश्राम बेडेकर अमरावतीचे, याचा त्यांना अभिमान होता. 'रणांगण' त्या 'आपल्या गावचं पुस्तक' म्हणून द्यायच्या, आणि घेणाऱ्यानं उघडल्यावर पाहावं तर गोष्ट युरोपातून निघालेल्या बोटीवरची. नाझींच्या छळातून सुटून निघालेली ज्यू माणसं, त्यांतली हॅर्टा, आणि घरी परतणारा चक्रधर. १९३९ साली, महायुद्धाच्या तोंडावर, मराठीत अशी कादंबरी झाली याचं त्यांना मोठं नवल होतं. त्यांच्या नवलाचा दुसरा भाग असा, की बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई म्हणजेच विभावरी शिरूरकर; 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं तेव्हा ही विभावरी कोण म्हणून गावोगाव गदारोळ उठला होता. "एका घरात दोघंही असे लिहिणारे. भाजी कोण निवडत असन?" असं त्या अगदी मनापासून विचारायच्या. तो प्रश्न त्यांच्या दृष्टीनं साहित्याचाच होता.

जी. ए. कुलकर्ण्यांबाबत त्यांची एक सक्त ताकीद होती: एका दिवशी एकच गोष्ट. 'पारवा', 'हिरवे रावे', 'काजळमाया', कुठलाही संग्रह असो, एक कथा वाचायची आणि पुस्तक ठेवून घरातलं एखादं काम करायचं. सलग वाचलं तर पहिल्या कथेतल्या माणसांवर अन्याय होतो, असं त्यांचं म्हणणं. मी हे पथ्य आजही पाळते. 'पिंगळावेळ'मधली 'कैरी' वाचून झाल्यावर मी तासभर तूर निवडत बसले होते, आणि त्या शेजारी बसून माझ्या सुपातली तूर पुन्हा निवडत होत्या, कारण माझं लक्ष नव्हतं.

१९८७ साली पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन जाड खंड आले. वाचनालयात रांग होती. आईंनी घरखर्चातून पैसे साठवून ते विकत घेतले. त्यांनी स्वतः विकत घेतलेली फार थोडी पुस्तकं होती, त्यांतली ही. खोतांच्या पिढ्यान्‌पिढ्या, त्यांचा माज आणि त्यांची पडझड त्यांनी पावसाळाभर वाचली, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात म्हणाल्या, "मला जगबुडी दाखव." पहिल्यांदा त्या कोकणात आल्या होत्या तेव्हा मुलगी पाहायला, दुसऱ्यांदा भावाच्या मातीला. दोन्ही वेळा मान वर करून काही पाहावं असा तो काळ नव्हता. या खेपेला मात्र त्या पाहायला निघाल्या. खेडजवळ एसटी जगबुडीच्या पुलावर आली तशा त्या जागेवरून उठल्या, दांडा धरून उभ्या राहिल्या आणि पूल संपेपर्यंत बसल्या नाहीत. उन्हाळ्यातली नदी, पाणी बेताचं. शेजारच्या प्रवाशाला त्यांनी तुंबाड कुणीकडे म्हणून विचारलं आणि त्यानं हात केला त्या दिशेला बराच वेळ बघत राहिल्या.

आमच्या घरी पोचल्यावर पोफळीच्या आगरात फिरताना त्यांनी माझ्या आईला विचारलं, "तुम्ही 'रथचक्र' वाचलं असनच?" माझी आई त्या मातीत जन्मली, वाढली, राबली. तिनं पेंडशांचं नाव ऐकलं होतं, पुस्तक एकही वाचलं नव्हतं. सासूबाईंनी पिशवीतून प्रत काढली. माझ्या आईच्या हाती तिचं कोकण दिलं ते अमरावतीच्या विहिणीनं. आईनं ती कादंबरी बोट ठेवून ठेवून सबंध पावसाळाभर वाचली आणि दसऱ्याच्या सुमाराला सासूबाईंना पोस्टकार्ड टाकलं. त्यात लिहिलं होतं, की या बाईला लेखकानं नाव दिलेलं नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही; मी तिला आमच्या आत्याच्या नावानं ओळखत वाचत होते. सासूबाईंनी ते कार्ड येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. "समीक्षा म्हणतात ते हे," असं त्यांनी माझ्या प्राध्यापक नणदेला सांगितलं, आणि तिनंही मान डोलावली. त्या दोन विहिणींचा पत्रव्यवहार पुढे माझी आई जाईपर्यंत चालला. आहेरमानपानाचा, रुसव्याफुगव्याचा एक शब्द त्यात नसायचा. सगळी पुस्तकातली माणसं.

मी त्यांना दिलेलं पुस्तक असं नाव घेण्यासारखं एकच. सासरे गेल्यावर वर्ष उलटलं होतं. मी भीत भीत गौरी देशपांड्यांचं 'एकेक पान गळावया' पुढे केलं. १९८० सालचं, तीन दीर्घकथांचं पुस्तक. शेवटच्या कथेतली राधा, नवरा गेलेला, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. वेळ बरोबर आहे की नाही याची धाकधूक मला होती. त्यांनी पुस्तक लगेच वाचून संपवलं आणि काही बोलल्या नाहीत. नंतर एका सकाळी चहा घेता घेता म्हणाल्या, "मला त्या राधेचा हेवा वाटला. तिला एकटं राहता येते." आणि थोड्या वेळानं, "पुढची खोली मला देता का? मला दार लोटून बसायला जागा पाहिजे." सगळं आयुष्य माजघरात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत अंथरूण घातलेल्या बाईनं सत्तरीच्या उंबरठ्यावर स्वतःसाठी खोली मागितली. आम्ही ती त्याच आठवड्यात रिकामी करून दिली. टेबल, दिवा, खुर्ची, आणि आतून लावायची कडी. ती कडी त्यांनी सुताराकडून मुद्दाम बसवून घेतली होती.

शेवटच्या वर्षांत डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला. मधलं दिसेनासं झालं, कडेचं दिसायचं. अक्षर गेलं. मग मी वाचायची आणि त्या ऐकायच्या, दुपारी दोन ते चार, कडी लावून. सदानंद देशमुखांची 'बारोमास' तेव्हा गाजत होती. २००४ चं अकादमी पारितोषिक तिला मिळालं. शिकलेला, नोकरी न मिळालेला, कोरडवाहू शेतीत अडकलेला एकनाथ. बाहेर अमरावती, यवतमाळ, बुलढाण्यातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज येत होत्या. सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचं आणि दुपारी 'बारोमास'. मी एकदा म्हटलं, आई, दुसरं काही हलकं वाचू का? त्या म्हणाल्या, "वर्तमानपत्रात आकडा येते. इथं एकनाथ येते. एकनाथच वाच." आणि एका प्रकरणानंतर बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "हा कौतिकचा नातू असन. तिनं शाळेसाठी एवढं केलं, आन् शाळा शिकून हा असा बसला." चाळीसेक वर्षांच्या अंतरानं लिहिलेल्या दोन वऱ्हाडी कादंबऱ्यांमधला हा धागा मी पुढे एका चर्चेत मांडला तेव्हा लोकांनी टिपून घेतला. मी तिथे सांगितलं, हे माझं नाही, माझ्या सातवी शिकलेल्या सासूबाईंचं आहे.

'बारोमास' संपली त्या वर्षीच्या थंडीत त्या गेल्या. त्यांच्या पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न आला नाही, कारण घरात फारशी उरलीच नव्हती. त्यांनी ती ज्याला त्याला देऊन टाकली होती. 'धग'ची ती वाचून वाचून शिवण उसवलेली प्रत शिंप्याच्या काकूंकडे होती. काकूंच्या नातीनं ती बारावीत असताना वाचली. ती आता अचलपूरकडे शाळेत शिकवते आणि आली की पुस्तकं मागते.

आता देणारी मी आहे. चिठ्ठीवर तीन नावं लिहायची सवय मला लागली आहे, आणि 'तिन्ही नसतील तर काही नको' हेही मी लिहिते. माझी भाची लग्न होऊन बडोद्याला गेली. तिथल्या मराठी घरात पडली तरी बाहेर सगळं गुजराती. फोनवर म्हणाली, मावशी, एखादी चांगली कादंबरी सांग ना, एकदम दणदणीत. मी 'धग'चं नाव जिभेवर आलेलं परत घेतलं. तिला सध्या दिवस आहेत आणि तिची आई हयात नाही. 'रणांगण'ही नको, शेवट तिला सोसणार नाही. परवा मी पुण्याच्या एका दुकानातून 'बनगरवाडी'ची नवी प्रत मागवली, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं आणि टपालानं धाडली. आत काही लिहिलं नाही. पोचल्याचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, कशाबद्दल आहे गं? मी म्हटलं, एक मास्तर आहे, नव्या गावाला जातो. 'रथचक्र' तिला बाळ वर्षाचं झाल्यावर द्यायची आहे, आणि 'धग' त्यानंतर, ती इथे राहायला येईल तेव्हा, काकूंच्या नातीला बोलावून तिच्या तोंडून.